वाघोबाचा पत्ता काय लिहायचा? आरेतल्या एका वारली घराची केस

केस तशी छोटी आहे. मुलगी बारावी सायन्स झाली, तिला नर्सिंगला जायचंय, एसटी कोट्यातून फॉर्म भरायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, त्याची पडताळणी होऊन वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि तिथे फाईल अडकली. घर वारल्यांचं, आणि राहणार मुंबई. म्हणजे जव्हार-डहाणूवरून कामासाठी आलेले नाहीत, मुंबईचेच, आरेच्या जंगलातले. पण आधार कार्डावरचा पत्ता अंधेरीकडच्या एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या बिल्डिंगचा, चौथा मजला, आणि पडताळणीत विचारतात की तुमचं दैवत कोणतं, सण कोणते पाळता, लग्नात काय विधी करता, मयताला काय करता, बोली कोणती. यांचा देव वाघोबा, रानातला वाघदेव. आता चौथ्या मजल्यावर वाघोबा कुठून दाखवायचा?

या घराशी माझी ओळख मुलीच्या आजीमुळे. पावसाळा लागला की आजी गोरेगाव स्टेशनच्या बाजूला रानभाजी घेऊन बसते, आणि आमच्या घरची गिऱ्हाइकी तिच्याकडे माझ्या आईच्या वेळेपासूनची. मी तिला मावशी म्हणते, ती मला बाय म्हणते, भावात एक रुपया कमी करत नाही. फाईलची कटकट तिनेच सांगितली, मला वाटतं मी ऑफिसात काम करते म्हणजे कागदपत्रातलं कळत असेल असा तिचा समज. फार कळत नव्हतं, नंतर थोडं कळलं, ते इथे लिहितेय. नावं आणि पाडा सांगत नाही, सांगायची गरजही नाही.

आधी जागा कुठली ते

आरे म्हटलं की बाहेरच्यांना दूध आठवतं नाहीतर मेट्रो. शहरातले म्हशींचे तबेले बाहेर काढायचे म्हणून 1949 मधे आरे मिल्क कॉलनी सुरू झाली, तीन हजार एकरांच्या वर जमीन दुग्धविकास खात्याकडे गेली, म्हशींसाठी युनिटं बांधली, कुरणं केली. अजूनही तिथले पत्ते युनिट नंबरवर चालतात. पण जमीन रिकामी नव्हती, पाडे आधीपासून होते. आरेत 27 पाडे असं साधारण सगळेच सांगतात, वारली जास्त, मग मल्हार कोळी, कोकणा, काही काथोडी. भाताचे तुकडे, तोंडलीचे मांडव, घरामागे केळी. खात्याच्या कागदात ही माणसं एकदम सरकारी जागेत राहणारी झाली. पुढे त्याच जमिनीतून फिल्मसिटीला जागा गेली, अजून कशाकशाला गेली, आणि प्रत्येक वेळी नकाशावर पाडा नावाची गोष्ट दिसायचीच असं नाही.

वनहक्क कायदा 2006 चा आहे ना मग, असं मीही म्हटलं होतं. आहे, पण तो वनजमिनीवर लागतो, आणि ही जमीन कागदोपत्री दुधाची. तुम्ही जंगलात राहता, बिबट्या अंगणातून जातो, पण सातबारा म्हणतो हे जंगल नाही. आरे कायद्याने जंगल आहे की नाही यावर वर्षानुवर्षं कोर्टात वाद चालला. मेट्रोला गाड्या ठेवायचं कारशेड आरेत हवं होतं, त्यासाठी झाडं तोडायची होती. 4 ऑक्टोबर 2019 ला हायकोर्टाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती सुरू झाल्या, सुप्रीम कोर्टाने 7 तारखेला थांबवेपर्यंत 2,141 झाडं गेली होती. त्यानंतर 2020 मधे सरकारने आरेतला भाग राखीव वन करायचं जाहीर केलं, 812 एकर, कारशेड कांजूरला न्यायचं ठरलं, 2022 मधे सरकार बदललं आणि कारशेड परत आरेत आलं. एप्रिल 2023 मधे परवानगीपेक्षा जास्त झाडांसाठी अर्ज केला म्हणून सुप्रीम कोर्टाने मेट्रो कॉर्पोरेशनला 10 लाख दंड केला, पण काम थांबवलं नाही. ऑक्टोबर 2024 मधे आरे ते बीकेसी गाडी सुरू झाली. आता ती कफ परेडपर्यंत जाते, मीही जाते त्यातून, आणि एसी छान आहे, खोटं कशाला बोलू.

या सगळ्या बातम्यांमधे झाडांचा आकडा सगळ्यांना पाठ झाला. माणसं किती हलली हे कोणी फारसं विचारलं नाही. कारशेडच्या जागेलगतच्या पाड्यातली काही घरं 2017 च्या सुमाराला एसआरएच्या इमारतीत गेली. त्यातलं एक हे. मुलगी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. आईबाप आणि दोन मुलं बिल्डिंगमधे गेली, आजी गेली नाही. ती आरेतच दुसऱ्या पाड्यावर तिच्या भावाकडे राहायला गेली, तिचं माहेरच ते. मला म्हणाली, "वर खोलीत कोंबडी कुठं ठेवू? आन् चूल?" एवढंच कारण दिलं, आणि मला ते पूर्ण पटलं.

एसआरएत जाणं म्हणजे काय तर कागदावर तुम्ही झोपडपट्टीधारक होता. घर मिळतं, नळ मिळतो, संडास मिळतो, आणि हे कमी नाहीये, पाड्यांवर वर्षानुवर्षं लाईट नव्हती, संडास नव्हते, त्यामुळे पाड्यावरचं जीवन किती सुंदर म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी आधी तिथे पावसात एक रात्र काढावी. मुलीची आई तर म्हणते मला बिल्डिंगच बरी. पण झोपडीच्या बदल्यात खोली असा हिशेब झाला की झोपडीच्या बाहेर जे होतं त्याचा हिशेब होत नाही, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

अडलं कुठे

महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा दावा करायचा तर 6 सप्टेंबर 1950 च्या आधीपासून इथले आहोत हे दाखवावं लागतं. आणि सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे तेव्हाचे किंवा त्याआधीचे कागद, ज्यात जात लिहिलीय. शाळेचा दाखला, महसुली नोंद, गावच्या कोतवालाकडची जन्ममृत्यूची नोंद. आता पणजोबा शाळेत गेले नव्हते. आजोबाही नव्हते, ते म्हशींच्या युनिटवर कामाला, आधी रोजंदारीवर. घरात शाळेत गेलेला पहिला माणूस म्हणजे मुलीचा बाप, त्याचा दाखला कितीही नीट असला तरी 1950 च्या कितीतरी नंतरचा. आजोबांच्या चुलत घराण्यातल्या कुणाची जुनी नोंद मिळते का म्हणून बाप तहसील ऑफिसला खेटे घालून आला, मिळालं ते इतकं अस्पष्ट की नाव वाचता येतंय पण जातीच्या जागी डाग.

माझ्या घरच्या बाजूने सांगते. आम्ही सीकेपी. आम्ही इथले कधीपासूनचे हे आम्हाला कधीच कुणी विचारलं नाही, उलट आमचे लोक न विचारता सांगतात. कल्याण-ठाणे-मुंबई, कुणाचा वाडा कुठे होता, पुरावा म्हणून काय तर सोड्यांची खिचडी आणि शेवळं. तेवढ्यावर भागतं.

कागद कमी पडले की मग दक्षता पथक येतं, शाळेत चौकशी, घरी चौकशी, आणि त्यात ही आप्तभाव चाचणी, ऑफिसात सगळे त्याला अफिनिटी टेस्टच म्हणतात. म्हणजे तुम्ही ज्या जमातीचे म्हणता तिच्या चालीरीती तुम्हाला माहीत आहेत का हे तपासायचं. खोटे दाखले काढून खऱ्या आदिवासींच्या जागा लाटणाऱ्यांचा इतिहास मोठा आहे, त्यामुळे तपासणी नकोच असं हे घरही म्हणत नाही. बाप तर म्हणाला चांगलं कडक तपासा. प्रश्न इतकाच की मुलगी नऊ-दहा वर्षांची असताना बिल्डिंगमधे आलेली, मराठी शाळेतलं मराठी बोलणारी, तिला वारली म्हटल्यावर पहिल्यांदा काय आठवतं तर ड्रॉइंगच्या तासाला काढलेली त्रिकोणांची माणसं. वर्गातल्या सगळ्याच पोरींनी काढली होती. गोल करून नाचणारी, मधे तारपा वाद्य वाजवणारा. तिला त्या माणसांशी आपला काही संबंध आहे हे माहीत होतं पण सांगता येत नव्हतं.

आजीची शाळा

मग एका पावसाळ्यात, रिझल्ट आणि पडताळणीच्या मधल्या दिवसांत, बापाने मुलीला आजीकडे पाठवलं. अभ्यास करायला असंच म्हणाला. पोरगी वैतागलेली, वही घेऊन गेली, प्रश्नोत्तरं लिहून पाठ करते म्हणून. आजीने वही बाजूला ठेवायला लावली आणि शेवळं काढायला नेलं.

शेवळं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी, हा सुरणाच्या जातीतला कोंब, पहिल्या पावसात जमिनीतून सरळ वर येतो, जांभळट तपकिरी, आणि महिनाभर मिळाला तर मिळाला. भयंकर खाजरा. बाहेरचं पान उलगडलं की आत दांडा, त्यावरचा पिवळा दाणेदार भाग काढूनच टाकायचा, तो चुकून राहिला की घशात सुया टोचल्यासारखं होतं आणि अख्खं जेवण फुकट. हाताला तेल लावून बारीक चिरायचं, तेलावर भरपूर परतायचं आणि काकडं घालायची. काकडं म्हणजे ती छोटी हिरवी आंबट फळं, काकडी नव्हे, ती उकडून कोळून त्याचं पाणी घातलं की खाज मरते. विकणारी बाई शेवळांच्या जुडीबरोबर काकडं देतेच, नाही दिली तर समजा ती दलालाकडून घेऊन बसलीय. आमच्याकडे यात सोडे पडतात, कुणाकडे खिमा, आणि आम्ही याला अभिमानाने आमची खास डिश म्हणतो. आता जुडी येते कुठून, कुठलं कोंब तोडायचं आणि कुठलं पुढच्या वर्षासाठी सोडायचं, काकडाचं झाड कुठल्या उतारावर आहे, हे आमच्या घरात एकालाही माहीत नाही, आईला नव्हतं, आजीलाही नसावं. आमच्या परंपरेचा अर्धा भाग मावशीच्या डोक्यात आहे आणि आम्ही तो दर जूनमधे जुडीच्या भावाने विकत घेतो. हे मला या केसमुळे दिसलं, आधी दिसलंच नव्हतं असं नाही, पण किंमत करताना दिसत नाही.

तर शेवळं झाली, मग टाकळा, कुरडू, कोवळी भारंगी, पुढे कंटोळी. प्रत्येक भाजीला आजीची एक जागा, आणि प्रत्येक जागेला एक गोष्ट, इथे तुझा आजोबा म्हशी चारायचा, इथे तुझ्या आत्याच्या लग्नाचा मांडव होता, इथं आता कुंपण आहे तिथून आमची वाट जायची. नवं धान्य आलं तरी आधी देवाला दाखवायचं, कणसरीला, मग तोंडात घालायचं, हे असंच चालता चालता सांगितलं. मुलगी मला नंतर म्हणाली की मला वाटलं होतं आजी देवांची नावं पाठ करून घेईल, हिरवा, हिमाय, नारनदेव, पण नावं तिने मधूनच घेतली, कशाच्या तरी संदर्भात, आणि म्हणून लक्षात राहिली.

लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं चित्र, मुलीने पाहिला होता, चुलत बहिणीचं लग्न बिल्डिंगखालच्या हॉलमधे झालं तेव्हा. भिंत कुणाची, तर हॉलवाल्याची, त्यावर गेरू चालणार नाही, म्हणून चौक प्लायवूडच्या तुकड्यावर काढला. तांदळाचं पीठ कालवून, बांबूची काडी चावून तिचा कुंचला करून, सवाष्णी बसल्या आणि आत पालघट देवी काढली, गाणी म्हणायला धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, पाड्यावरूनच आली, रिक्षाने. फोटोग्राफर मधे मधे म्हणत होता ताई जरा इकडे बघा. ते प्लायवूड अजून घरात आहे, कपाटाच्या मागे उभं केलेलं. आणि गंमत म्हणजे त्याच हॉलच्या दारावर वारली चित्रांचा फ्लेक्स कायमचा लावलेला आहे, सगळ्यांच्याच लग्नांना.

वाघोबा

आता वाघोबा. वाघबारस येते दिवाळीच्या तोंडावर, आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे आपण वसुबारस करतो त्याच दिवशी. आपण गायवासराची पूजा करतो, हे लोक वाघाची. आरेला लागून 104 चौरस किलोमीटरचं नॅशनल पार्क आहे, तिथे पट्टेरी वाघ रानात उरलेला नाही पण बिबटे भरपूर, आणि वारल्यांच्या हिशेबात बिबट्याही वाघच. देव म्हणजे एक दगड नाहीतर लाकडी पाट, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, शेंदूर. वाघबारसेला नारळ, कोंबडं, भगत असतो. गोष्टी पाड्यागणिक वेगळ्या, पण सूत्र एक की वाघ हा कुण्या एका बाईच्या पोटचाच, रानात गेला, त्याच्याशी करार झाला, वर्षाचा मान आम्ही देऊ, तू आम्हाला आणि गुरांना सांभाळ. मुंबई उपनगर, ठाणे, पालघर मिळून वाघोबाची 150 च्या वर ठिकाणं अभ्यासकांनी नोंदवलीत, 2021 मधे त्यावर संशोधन निबंध आला.

हे वाचून लगेच आदिवासी आणि बिबट्याची मैत्री वगैरे लिहू नका प्लीज. 2021 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधे आरेत बिबट्याचे हल्ले लागोपाठ झाले, माणसं जखमी झाली, तेव्हा पाड्यांवर अंधार पडला की पोरं घरात. आजीला बिबट्याबद्दल विचारलं तर ती प्रेमाने वगैरे बोलत नाही. त्याचा रस्ता आहे, आपण त्याच्या रस्त्यात घर बांधलंय, वर्षातून एकदा त्याला विचारायचं, इतकं. मला तरी हे पोस्टरवरच्या सहजीवनापेक्षा जास्त खरं वाटतं, यात भीती मान्य आहे.

चौकशीचा दिवस

पथकातले साहेब आले बिल्डिंगमधे. खुर्च्या शेजाऱ्यांच्या आणलेल्या. बापाने जमेल तशी उत्तरं दिली, तो घाबरला की शुद्ध पुस्तकी मराठी बोलायला लागतो, जे इथे अगदी उलट परिणाम करणारं. वारली बोलीत काहीतरी बोलून दाखवा म्हटल्यावर बाप गप्पच. कुणी समोर बसून म्हणालं तुमच्या आईशी बोलता तसं बोला, तर कोण बोलू शकेल सांगा. शेवटी मुलगीच म्हणाली, साहेब देव इथे नाही, आरेत आहे, आजी पण तिथेच आहे, रिक्षाने पंचवीस मिनिटं. साहेबांनी खरं तर नाही म्हणायला हरकत नव्हती, त्यांच्याकडे दुसऱ्या फायली असतील, पण ते गेले. याचं श्रेय त्यांना द्यायला पाहिजे, यंत्रणेला शिव्या घालणं फार सोपं असतं.

तिथे काय झालं ते मला आजीने आणि मुलीने वेगवेगळं सांगितलं. आजीच्या मते साहेबांनी चहा घेतला नाही ही मुख्य घटना. मुलीच्या मते आजीने साहेबांना एकही उत्तर सरळ दिलं नाही, ती तिच्या भावाशी बोलत राहिली, त्यांच्या बोलीत, कुठली काठी कुठं ठेवलीस असलं काहीतरी, आणि साहेब लिहीत होते. वाघोबाच्या दगडाचा फोटो काढला. चौक कोण काढतं विचारलं, मुलीने सांगितलं, पीठ, काडी, पालघट, आणि आजीने तिला मधेच दुरुस्त केलं की आधी देवचौक मग लग्नचौक असं नसतं वगैरे, त्यावर दोघींचा वाद झाला. मला वाटतं फाईलला सगळ्यात जास्त उपयोग त्या वादाचा झाला असेल.

कायद्याची बाजू पण बघा. मार्च 2023 मधे सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी ठाकूर जमातीच्या एका प्रकरणात सांगितलंय की ही आप्तभाव चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, एकूण पुराव्यातला तो एक भाग. त्यामागचं कारणही समजण्यासारखं आहे, शहरात वाढलेल्या, शिकलेल्या पोरांना जुन्या चाली माहीत नसणं हे स्वाभाविक आहे, त्यावरून ते खोटे ठरत नाहीत. आमच्या ओळखीच्या वकिलाने हेच अर्जाला जोडायला सांगितलं, जोडलं.

पण मला यात एक गोष्ट खटकते ती लिहितेच. ज्या जंगलाने या घराची ओळख टिकवली ते जंगल सरकारी कागदात कधी कुरण, कधी कारशेड, कधी राखीव वन. तेच सरकार दुसऱ्या खिडकीत बसून विचारतं की तुमच्या जमातीच्या खुणा दाखवा. आणि खुणा दाखवायला माणूस त्याच जागेत परत जातो, जिथून त्याला हलवलंय. उद्या आजीच्या भावाचा पाडाही बिल्डिंगमधे गेला तर पुढच्या मुलीच्या वेळी साहेबांना रिक्षाने कुठे न्यायचं? बिल्डिंग वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पुनर्वसनात खोलीबरोबर देवाची जागा, चौक काढायला एक मातीची भिंत, भाजीच्या वाटांवर जायची मुभा हे लिहून द्यायला काय जातं, चौरस फुटात मोजता येत नाही एवढीच अडचण ना. राखीव वन झाल्यावर तर अजून जपायला पाहिजे, कारण कुंपण वनखात्याचं असलं तरी शेवळं काढणाऱ्या बाईला ते कुंपणच असतं.

सर्टिफिकेट आलं. प्रवेशाच्या मुदतीच्या जेमतेम आधी, दरम्यान कॉलेजने दोनदा फोन करून जागा जाईल असं सांगितलेलं आणि घरात दोन दिवस कुणी जेवलं नव्हतं. मुलगी आता हॉस्टेलला आहे, सुट्टीत कधी बिल्डिंग कधी पाडा, पावसाळ्यात आजीबरोबर स्टेशनला पण बसते, मात्र ओळखीचं कुणी दिसलं की तोंड फिरवते, तेही मी पाहिलंय आणि तिला काही बोलले नाही.

बापाकडच्या रक्ताच्या नात्यातल्या एकाला वैधता मिळाली की बाकीच्यांना तो भक्कम पुरावा धरतात. त्यामुळे सध्या तिच्या चुलत भावंडांच्या फायलींना तिच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स लागते, आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. आजीने स्वतःकडे पण एक कॉपी ठेवलीय, लॅमिनेट करून, भाजीच्या पैशांच्या पिशवीत. मागच्या वेळी मला दाखवली आणि म्हणाली बाय वाच, नाव बरोबर लिवलंय का बघ. नाव बरोबर होतं. पाड्याच्या जागी बिल्डिंगचा पत्ता होता.